इष्टुर फाकडा, कार्ल्याचे झाड आणि 'जगातील पहिला स्नायपर'

१/ गेल्या पंधरवड्यात एकच रील मला निदान वीस जणांनी पाठवली. पडद्यावर लोहगडाचा विंचूकाटा, मागे नगाऱ्यांचा घोष आणि निवेदकाचा धीरगंभीर आवाज : १७७९ च्या जानेवारीत एका मराठा नेमबाजाने 'दुर्बीण बसवलेल्या बंदुकीतून', लोहगडावरून, कार्ल्याच्या झाडावर चढलेल्या इंग्रज कप्तानाला अचूक टिपले, तोच 'जगातील पहिला स्नायपर'. शेवटी तो ठरलेला प्रश्न : हे तुम्हाला शाळेत का शिकवले नाही?

२/ शिकवले नाही, कारण असे घडलेच नाही. परंतु एवढे म्हणून थांबणे मला योग्य वाटत नाही. या असत्याच्या तळाशी मावळातली एक खरी आणि विलक्षण घटना गाडली जात आहे. त्या घटनेविषयी आस्था आहे म्हणूनच हा धागा. लांब आहे, चहा घेऊन बसा.

३/ आधी निर्विवाद भाग. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्याच्या उद्देशाने निघाली. एकंदर माणूस सुमारे ३,९००, आणि सामानाला बैल तब्बल एकोणीस हजार. सेनापती कर्नल चार्ल्स एगर्टन; पण त्याच्या डोक्यावर जॉन कार्नाक आणि टॉमस मॉस्टिन यांचा सहभाग असलेली समिती. लढाई समितीने चालवायची ही कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली, त्याचे मराठ्यांनी आभारच मानायला हवेत.

४/ या फौजेची आघाडी कॅप्टन जेम्स स्टुअर्टकडे होती. ग्रेनेडियरांच्या सहा कंपन्या घेऊन तो बोरघाट चढला आणि २५ नोव्हेंबरला त्याने खंडाळा गाठले. मुख्य फौज मागून रेंगाळत आली; सगळी घाटमाथ्यावर जमेपर्यंत २३ डिसेंबर उजाडला. पुढे खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतचे अवघे आठ मैल चालायला तिला अकरा दिवस लागले. आज लोणावळ्याहून मळवलीला लोकलने जाणाऱ्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावे लागेल.

५/ त्या अकरा दिवसांत काय झाले? मराठ्यांनी समोर उभे राहून लढाई दिलीच नाही. भिवराव पानसे यांचा तोफखाना आणि बाणांचा मारा चालू राहिला, घोडदळाने बगला सोडल्या नाहीत, आणि दाणावैरण जाळली गेली. ३१ डिसेंबरला लेफ्टनंट कर्नल के प्राणांतिक जखमी झाला. आजारी पडून परत गेलेला मॉस्टिन १ जानेवारीला मुंबईत वारला. आणि ४ जानेवारीला कार्ल्यात कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला.

६/ हा स्टुअर्ट म्हणजेच आपला 'इष्टुर फाकडा'. फाकडा म्हणजे बेडर, रुबाबदार लढवय्या. शत्रूच्या कप्तानाला मराठी माणसांनी दिलेली ही पदवी आहे. पेशवाईतील साडेतीन फाकड्यांची जी गणना परंपरेने सांगितली जाते, तिच्यात मानाजी फाकड्यांसारख्या मातब्बरांच्या पंक्तीला या इंग्रजालाही बसवलेले आहे. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ग्रँट डफनेही या टोपणनावाची नोंद केली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनीही ते लोकांच्या तोंडी होते. त्याची समाधी आजही वडगाव मावळात आहे.

७/ एक कंस उघडतो. वडगावच्या तहानंतर मराठ्यांकडे जे दोन इंग्रज ओलीस राहिले, त्यांत विल्यम फार्मरबरोबर लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट नावाचा अधिकारी होता. हा निराळा. काही पोस्टमध्ये दोघांची सरमिसळ होऊन 'मारला गेलेला स्टुअर्ट तहाच्या वेळी ओलीस होता' असा चमत्कार घडलेला मी पाहिला आहे. कंस बंद.

८/ आता झाड आणि दुर्बीण. परंपरा सांगते की स्टुअर्ट मराठ्यांच्या फौजेचा अंदाज घेण्यासाठी कार्ल्याजवळ झाडावर चढला, हातात दुर्बीण होती, आणि त्याच क्षणी तो टिपला गेला. कोणी सांगतात गोळीने, कोणी सांगतात तोफेच्या गोळ्याने. गोष्टीत दुर्बीण आहे, पण ती इंग्रजाच्या हातात आहे. तीच दुर्बीण रीलकर्त्यांनी झाडावरून उतरवून मराठ्याच्या बंदुकीवर चढवली. पुराव्याशी एवढी सहज हातचलाखी मी अलीकडे पाहिलेली नाही.

९/ प्रांजळपणे सांगतो, बी.ए.ला असताना लोहगडाच्या वाटेवर ही गोष्ट मीही मित्रांना सांगितली आहे. माझ्या आवृत्तीत दुर्बीण बंदुकीवर नव्हती, पण 'एकाच गोळीत' हे शब्द होते आणि ते मी पदरचे घातले होते. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत चमक दिसली की पदरचे शब्द आपोआप वाढतात. तेव्हा रील करणाऱ्याची मानसिकता मला परकी नाही. पण ती समजते म्हणून तिला मोकळीक द्यावी असे होत नाही.

१०/ या धाग्याचे निमित्त मात्र माझा एक नेमबाज मित्र आहे. दूरपल्ल्याच्या लक्ष्यवेधासाठी तो गेले दोन महिने रायफलवरील दुर्बीण, म्हणजे स्कोप, निवडतो आहे. रील पाहून तो हसला नाही; त्याने गंभीरपणे चार प्रश्न विचारले. तेच प्रश्न इथे ठेवतो, कारण दफ्तरे धुंडाळण्याच्या आधीच ते रीलचा निकाल लावतात.

११/ पहिला प्रश्न : अंतर किती? लोहगडापासून कार्ले गाव सरळ रेषेत चार किलोमीटरांहून अधिक आहे. २०१७ मध्ये कॅनडाच्या एका सैनिकाने इराकमध्ये ३,५४० मीटरवरून शत्रू टिपला आणि तो जागतिक विक्रम गणला गेला. २०२३ मध्ये युक्रेनच्या बाजूने ३,८०० मीटरचा दावा झाला. म्हणजे रीलनुसार आमच्या अनाम वीराने ठासणीच्या बंदुकीने एकविसाव्या शतकातले विक्रम मागे टाकले. त्या काळची गोल शिशाची गोळी, नळी कितीही तिरकी धरली तरी, याच्या निम्मे अंतरही जात नाही.

१२/ 'बरं, लोहगड सोडा. खाली कुठूनतरी मारली असेल', असे उत्तर मला आलेच. ठीक. मग दुसरा प्रश्न, आणि माझ्या मित्राच्या मते हाच खरा प्रश्न : नळी कोणती? स्कोप विकत घेणारे नवशिके इथेच फसतात. त्यांना वाटते की भिंग महाग घेतले की गोळी सरळ जाईल. स्कोप गोळीला काहीही करत नाही. तो फक्त डोळ्याला मदत करतो. जी बंदूक मुळात एकाच जागी गोळ्या टाकू शकत नाही, तिच्यावर जगातले उत्तम भिंग बसवले तर चुकलेला नेम अधिक स्पष्ट दिसतो, एवढेच.

१३/ अठराव्या शतकातील सैनिकी बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. भरताना अडू नये म्हणून गोळी नळीहून किंचित लहान ठेवत. बार उडाला की ती आत आपटत बाहेर पडे आणि शेवटचा आपट जिकडे, तिकडे जाई. अमेरिकेतील युद्धात लढलेल्या कर्नल जॉर्ज हँगरने १८१४ साली स्वच्छ लिहिले आहे : साधारण बंदूक ऐंशी यार्डांवर, फार तर शंभरावर माणसाला लागेल, दोनशे यार्डांवरच्या माणसावर नेम धरणे म्हणजे चंद्रावर नेम धरण्यासारखे.

१४/ मराठ्यांच्या तोड्याच्या बंदुकांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांची नळी लांब असे, भिंत जाड असे, आणि कंपनीच्या चकमकीच्या बंदुकांपेक्षा त्यांचा पल्ला जास्त असल्याचे इंग्रज निरीक्षकांनीच लिहिलेले आहे. कित्येक हिंदुस्थानी बंदुकांना पुढे माशी आणि मागे खाच किंवा भोक असे. म्हणजे नेम धरून मारण्याची विद्या होती, नुसता धूर नव्हता. पण यांतूनही बहुतेक नळ्या आतून गुळगुळीतच. शंभराचे दोनशे यार्ड झाले, असे उदारपणे धरू. दुर्बिणीचे काम तिथे सुरूच होत नाही.

१५/ तिसरा प्रश्न : गोळीची पडझड कशी मोजणार? शंभर मीटरवर नेम जुळवलेल्या आजच्या .३०८ रायफलची गोळी हजार मीटरवर बारा मीटरांच्या आसपास खाली येते. चार मजली इमारतीएवढे. म्हणून दूरपल्ल्याचा स्कोप निवडताना अनुभवी माणूस आधी 'किती पट मोठे दिसते' हे विचारत नाही. वरच्या चक्रीने नेम किती उचलता येतो, प्रत्येक टिचकीला तो किती सरकतो आणि शंभरदा फिरवून पुन्हा मूळ जागी येतो का, हे विचारतो. ती चक्री चुकली तर पंचवीस पट मोठे दिसून काय उपयोग? दुपारच्या तापलेल्या हवेत तर जास्त पटींमुळे लक्ष्य पाण्यात हलल्यासारखे दिसते आणि माणूस स्वतःच पट कमी करतो.

१६/ वाराही आहेच. ताशी दहा मैलांचा आडवा वारा हीच गोळी हजार यार्डांवर दोनेक मीटर बाजूला नेतो. ज्यांनी इंद्रायणीच्या खोऱ्यात उभे राहून विसापूरकडून येणारा वारा अंगावर घेतला आहे, त्यांना मी अधिक सांगायला नको. गोल गोळीचा वेग तर हवेत झपाट्याने मरतो; तिला वारा कितीतरी अधिक झोडपतो.

१७/ चौथा प्रश्न मला स्वतःला सर्वाधिक आवडला : डोळा कुठे ठेवणार? मित्राने मला त्याच्या ओळखीतल्या एका स्कोपमधून पाहायला लावले. भिंगापासून डोळा सुमारे नऊ सेंटिमीटर मागे. थोडा पुढे गेलो, कडेने काळी सावली. थोडा बाजूला झालो, तर फुलीच लक्ष्यावरून सरकल्यासारखी वाटली. तो दोष घालवायला नळीच्या बाजूला वेगळी चक्री असते. हे अंतर राखण्याचे कारण साधे आहे : बार उडाला की बंदूक मागे येते आणि भिंगाची कड भुवई फोडते.

१८/ आता १७७९ मधली हातातली दुर्बीण आठवा. सरकत्या नळ्यांची, उघडल्यावर हातभर लांब, डोळा भिंगाला जवळजवळ चिकटवून पाहायची. ती बंदुकीवर बांधून बार काढणारा माणूस पहिल्याच बाराला एक डोळा गमावून बसला असता. शिवाय नेमासाठी प्रतिमेच्या ठिकाणी फुली हवी, ती धक्क्याने हलता कामा नये, आणि सगळे यंत्र नळीला समांतर राहायला हवे. कल्पना सुचणे आणि वस्तू होणे यांत सत्तर-ऐंशी वर्षांचे अंतर पडले, ते या असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या अडचणींमुळे.

१९/ कल्पना तेव्हा कोणालाच सुचली नव्हती का? सुचली होती, आणि ते लपवून माझा मुद्दा मजबूत करणे मला मान्य नाही. १७७६ मध्ये फिलाडेल्फियात चित्रकार चार्ल्स विल्सन पील यांनी डेव्हिड रिटनहाउस या खगोलज्ञाच्या सहकार्याने बंदुकीवर दुर्बीण बसवण्याचा प्रयोग केला. प्रयोगच राहिला. सैन्यात गेला नाही. चित्रकार आणि खगोलज्ञ हाताशी असूनही जे जमले नाही, ते पानशांच्या छावणीत जमले असेल तर त्याची एखादी तरी खरेदीची, दुरुस्तीची, बक्षिसाची ओळ हिशेबात हवी. पेशवे दफ्तरातील कारकून बैलाच्या पेंडीचाही हिशेब लिहीत. जगातला पहिला स्कोप त्यांच्या नजरेतून सुटला असेल, हे मानायला मी तयार नाही.

२०/ याच संदर्भात अमेरिकेतली एक समांतर गोष्ट पाहा. ७ ऑक्टोबर १७७७, साराटोगा. इंग्रज जनरल सायमन फ्रेझर प्राणांतिक जखमी झाला. गोष्ट अशी की टिमथी मर्फी नावाच्या रायफलधारकाने झाडावर चढून सुमारे तीनशे यार्डांवरून त्याला टिपले. कार्ल्याच्या सव्वा वर्ष आधीची ही घटना. तिकडे मारणारा झाडावर, इकडे मरणारा झाडावर! आणि मर्फीच्या गोष्टीकडेही आजचे अभ्यासक संशयानेच पाहतात. तिथेसुद्धा बंदुकीवर भिंग नाही. जे होते ते नळीतले पेच, म्हणजे रायफलिंग. 'पहिला' ठरवायची हौसच असेल, तर रांगेत मर्फी आधी उभा आहे. मला ती रांगच नको आहे.

२१/ खरा रायफल-स्कोप आला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. १८४८ मध्ये जॉन रॅटक्लिफ चॅपमन याने अमेरिकन रायफलवरील आपल्या पुस्तकात नळीइतक्याच लांब दुर्बिणीचे वर्णन छापले. १८५५ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा विल्यम माल्कम अधिक चांगली भिंगे घालून असे स्कोप बनवू लागला. आणि इथे एक नाव येते, जे रीलकर्त्यांना सापडले असते तर त्यांना खोटे बोलायची गरजच पडली नसती.

२२/ ते नाव डेव्हिड डेव्हिडसन. हा मुंबई फौजेतील अधिकारी. म्हणजे कंपनीच्या ज्या फौजेतला स्टुअर्ट दुर्बीण घेऊन कार्ल्याच्या झाडावर चढला असे म्हणतात, त्याच फौजेतला, दोन-तीन पिढ्यांनंतरचा. डेव्हिडसनचा स्कोप रायफलच्या डाव्या अंगाला बसत असे. तो षट्कोनी नळीच्या व्हिटवर्थ रायफलींवर बसवला गेला, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी तो वापरला. बंदुकीवरील दुर्बिणीच्या इतिहासाला आपल्या बाजूचा धागा हवा असेल तर तो हा आहे, आणि तो इंग्रजाच्या नावावर आहे. आवडो वा न आवडो.

२३/ त्याच मुंबई फौजेतला जॉन जेकब, ज्याच्या नावाने सिंधमधले जेकबाबाद वसले, याने दोन हजार यार्डांपर्यंतच्या खुणा असलेली पट्टी आपल्या रायफलवर लावली. भिंग नाही, नुसती उभी पट्टी. आणि १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिका यांचा प्रसिद्ध सामना झाला : आठशे, नऊशे, हजार यार्ड. निकाल ९३४ विरुद्ध ९३१, अमेरिका विजयी. तीन गुणांच्या फरकाने सुटलेल्या त्या सामन्यातही कोणाच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. उत्तम नळी, उत्तम गोळी, बारीक भोकाची मागची नेमपट्टी आणि वाऱ्याचा अभ्यास. क्रम तोच, जो माझ्या मित्राने दुसऱ्या प्रश्नात सांगितला.

२४/ जवळचे उदाहरण हवे? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, आणि रायफलवर दुर्बीण बसवायला नियमानेच बंदी आहे. स्टँडवर शेजारी ठेवून आपल्या गोळ्या कुठे लागल्या हे पाहायला दुर्बीण चालते. पाहण्याचे भिंग वेगळे, नेमाचे वेगळे. स्टुअर्टच्या हातातले भिंग पाहण्याचे होते.

२५/ आता माझा खरा आक्षेप, ज्यासाठी एवढे सगळे लिहिले. 'एका खोट्याने काय बिघडते, मुले इतिहासाकडे वळतात ना?' असा प्रतिवाद नेहमी होतो. बिघडते ते असे : स्नायपरच्या गोष्टीत लढाई एका गोळीने फिरते. मग उरलेल्यांचे काय करायचे? शेते जाळायला संमती देणाऱ्या, की जिच्याकडे कोणी संमती मागितलीच नाही अशा, मावळातल्या कुणबी कुटुंबांचे काय? अकरा दिवस आठ मैलांच्या फौजेला झोप न देणाऱ्या स्वारांचे काय? खबरी आणणाऱ्यांचे काय?

२६/ कारण वडगाव असे जिंकले गेले. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले, तेव्हा गाव जळून मोकळे झाले होते. वेळ पडली तर चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळायची तयारी नाना फडणवीस, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांनी ठेवली होती. स्वतःची राजधानी पेटवायची तयारी! या एका निर्णयापुढे कोणत्याही स्नायपरची काय मातब्बरी? इंग्रज समिती इथेच खचली. ११ जानेवारीच्या रात्री मोठ्या तोफा तळ्यात ढकलून, सामान जाळून, फौज गुपचूप मागे फिरली.

२७/ ती गुपचूप फिरणार हे मराठ्यांना वेळेवर कळले. पहाटेपूर्वीच पिछाडीवर हल्ला झाला. कॅप्टन हार्टलीने पिछाडी शर्थीने सांभाळली, हे नमूद करायला आपले काही जात नाही; तरी १२ जानेवारीला फौज वडगावात कोंडली गेली, आणि जानेवारीच्या मध्यास तिला तह करावा लागला. साष्टीसह १७७३ पासून घेतलेला मुलूख परत, रघुनाथराव मराठ्यांच्या हवाली, बंगालहून येणारी फौज माघारी. पुढे मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही सरकारांनी तह झिडकारला, पण एगर्टन, कॉकबर्न आणि कार्नाक यांना कंपनीने नोकरीतून काढले, हा त्या पराभवाचा घरचा दाखला.

२८/ आणि स्टुअर्ट? माझे मत असे की तो तोफेच्या किंवा बाणांच्या माऱ्यात पडला असण्याची शक्यता नेम धरून मारलेल्या एका गोळीपेक्षा पुष्कळ अधिक आहे. मैदानी तोफेचा उपयुक्त पल्ला हजारेक यार्डांचा; पानशांचे गोलंदाज त्या दिवसांत इंग्रजांच्या पुढे-मागे एवढ्याच अंतरावर वावरत होते. झाडावरचा लाल डगला हे त्यांना चांगले निशाण असणार. गोलंदाजाने नेम धरलाच नसेल असे मी म्हणत नाही; तोफेचाही नेम धरतात, आणि ती विद्या बंदुकीहून सोपी नाही. पण ती एका माणसाची नव्हे. बत्ती देणारा, दारू भरणारा, गज मारणारा, चाकाला खांदा लावणारा, अशा पाच-सहा जणांची.

२९/ 'म्हणजे मराठ्यांना तुम्ही कमी लेखता', असा आरोप या धाग्याखाली येईल, हे गृहीत धरून आधीच उत्तर देतो. कमी कोण लेखते? ज्याला पानशांचा तोफखाना, जाळलेले तळेगाव आणि कोंडलेले वडगाव पुरेसे वाटत नाही, आणि जो त्यावर परदेशी सिनेमातला स्नायपर आणून चिकटवतो, तो. 'जगातील पहिला' हे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय आपला विजय आपल्याला विजय वाटत नसेल, तर दोष विजयात नाही. शिवाय व्यवहाराची गोष्ट : उद्या आपण वडगावच्या तहाची खरी कलमे घेऊन कोणाशी वाद घालायला गेलो, तर समोरचा ही रील दाखवून हसेल. तेव्हा आपल्याकडे उत्तर नसेल.

३०/ आणखी एक गोष्ट रीलमध्ये गाळली गेली, आणि तीच मला सर्वांत मोठी वाटते. टिपलेला शत्रू हा तिथे केवळ एक निशाण आहे. धाडकन पडतो, संगीत वाढते, संपले. प्रत्यक्षात मावळच्या लोकांनी त्याला नाव दिले, फाकड्यांत मोजले, त्याची जागा जपली. ज्याच्या फौजेमुळे त्यांची शेते जळाली, त्याच्याविषयी. हे औदार्य कुठून आले, ते कोणत्या तऱ्हेचे होते, यावर एक स्वतंत्र धागा लिहायचा आहे.

३१/ रील काढून टाका असे मी म्हणत नाही. दृश्ये छान आहेत, विंचूकाट्यावरचा तो सूर्यास्त तर फारच. फक्त मजकूर बदला. तयार देतो, माझे नाव घालू नका : '४ जानेवारी १७७९. कार्ले. मराठ्यांच्या माऱ्यात इंग्रजांच्या आघाडीचा कप्तान जेम्स स्टुअर्ट पडला. तो झाडावरून दुर्बिणीने पाहत होता असे सांगतात. मराठ्यांनी त्याला फाकडा म्हटले. आठ दिवसांनी त्याची फौज वडगावात कोंडली गेली. समाधी वडगाव मावळात आहे, जाऊन पाहा.' वाचायला वीस सेकंद लागतात. नगारे तसेच राहू द्या.

३२/ मित्राने स्कोप अजून घेतलेला नाही. काल म्हणाला, आधी नळी बदलतो.